इथे रिड्झ नाहीत

पोलंडात माणूस पाद्र्यापुढे गुडघे टेकून आयुष्यभराची पापं सांगतो, पण अळंबी कुठल्या झाडाखाली सापडली ते सांगत नाही. पाद्रीही विचारत नाही, कारण तोही त्याच रानात जातो. पाप सांगितलं की हलकं होतं, जागा सांगितली की रिकामी होते. इतकं साधं तत्त्वज्ञान जिथे पाळण्यातल्या पोरालाही उमजतं, त्या देशात, ब्यावीस्तोक शहरी, एका कंपनीनं अळंबी गोळा करण्याचा खेळ काढला. खेळाडूंनी एकमेकांना जागा सांगून मदत करावी म्हणून तिनं चाहत्यांसाठी अधिकृत मंच उघडला, आणि तो चालवायला बोगुमिल सार्नेत्स्की यांना नेमलं. शहाणी माणसं एकत्र आली की काय होतं, याला एवढं एकच आख्यान पुरेसं आहे.

बोगुमिल बावन्न वर्षांचे. बावीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. मग दोन शाळांची मिळून एक शाळा झाली आणि तिला दोन भूगोलांची गरज उरली नाही. कंपनीचा मालक कोर्नेल हा त्यांचा जुना विद्यार्थी. सातवीत तो भूगोलात नापास झाला होता, आणि त्याच्या खेळात नदी डोंगर चढून जाते ती तेव्हापासूनच. तो बोगुमिलना अजून 'सर' म्हणे आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नसे, त्यामुळे त्या कचेरीत मालक उभा आणि नोकर बसलेला, असं दृश्य रोज दिसे.

"काम काहीच नाही, सर," कोर्नेल म्हणाला होता. "लोक विचारणार, लोकच उत्तरं देणार. कुणी वेडंवाकडं बोललं तर तुम्ही नुसतं बघायचं. वर्गात बघायचात तसं."

"आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर?"

"असं कसं होईल, सर? चाहते आहेत ते."

खेळाचं नाव 'पहाटेचं रान'. सगळ्या खेळाडूंना मिळून एकच रान, त्यात चाळीस जातींची अळंबी. ज्यानं त्यानं टोपली घेऊन हिंडायचं. या सगळ्यांत मान रिड्झचा. हे रिड्झ म्हणजे नारिंगी छत्रीचं अळंबं. लोण्यात परतून वर मीठ भुरभुरलं की जेवणारा माणूस थोडा वेळ कुणाबद्दल वाईट बोलत नाही. खऱ्या रानात ते दुर्मीळ, म्हणून कोर्नेलनं खेळातही दुर्मीळ ठेवलं. एकानं खुडलं की त्या जागी दुसऱ्याला आठवडाभर काही नाही.

आता मेख अशी की खेळ विकणारी मोठी कंपनी वॉर्सात होती, आणि तिला सगळं मोजायची सवय होती. मंचावरच्या प्रत्येक उत्तराखाली 'उपयोग झाला' असं एक बटण होतं. ऑक्टोबर संपेपर्यंत ते निदान पाचशे वेळा दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर मंच बंद, बोगुमिलची नेमणूक रद्द, आणि लोकांच्या प्रश्नांना यंत्र उत्तरं देणार, असं पत्र आलं होतं. बोगुमिलच्या टेबलाच्या जागी कॉफीचं यंत्र बसेल असंही त्यात होतं. भूगोलाच्या जागी भूगोल आला तर माणूस सोसतो. कॉफीच्या यंत्रानं जागा घ्यावी हे बोगुमिलच्या जिव्हारी लागलं. शिवाय 'अधिकृत मंच-व्यवस्थापक' झाल्याचं ते जिन्यातल्या बाराही बिऱ्हाडांना सांगून बसले होते.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मंच उघडला. 'नवखा_७' नावाच्या कुणीतरी पहिला प्रश्न टाकला: "रिड्झ कुठे मिळतील?" तासाभरात दोनशे बारा उत्तरं आली. सगळी सभ्य, सविस्तर, पावलं मोजून दिलेली. जुन्या गिरणीपासून डावीकडे चाळीस पावलं. वठलेल्या पाइनला वळसा घालून ओढ्याकडे. बोगुमिलचे डोळे भरून आले. ते बायकोला, लुद्विकाला, म्हणाले, "माणसांत अजून माणुसकी आहे."

लुद्विका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती आणि माणसांची तोंडं जवळून बघत होती. ती म्हणाली, "माझ्या आईनं मला आजवर एक जागा सांगितली नाही. सख्ख्या लेकीला. आणि हे दोनशे बारा जण परक्याला सांगतायत?"

"इंटरनेटमुळे माणूस मोकळा होतो."

"बघू," लुद्विका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्वद खेळाडू दलदलीत होते. दोनशे बारा वाटा दोनशे बारा दिशांनी निघत होत्या आणि झाडून सगळ्या दलदलीत पोचत होत्या. खेळात दलदलीत बुडालं की टोपली जाते आणि माणूस ओल्या बुटांनी पुन्हा रानाच्या फाटकाशी उभा राहतो. त्या दिवशी फाटकाशी झाली एवढी गर्दी नाताळच्या आधी मासळीबाजारातही होत नाही. 'उपयोग झाला' तीनदा दाबलं गेलं होतं. दोनदा ते उत्तर देणाऱ्यांनी स्वतःच दाबलं होतं. तिसऱ्यांदा बोगुमिलनी, आदल्या दिवशी, गहिवरून.

मग भांडणं सुरू झाली. शिव्या गाळायला यंत्र होतं, ते शिवी दिसली की तिथे चांदण्या टाकी. लोकांनी तीन दिवस चांदण्या सोसल्या आणि मग ते आदरार्थी बहुवचनावर आले. "आदरणीय महोदय, आपल्या मातोश्रींनी लहानपणी आपणांस रानात सोडलं होतं, ते आपण परत आलात हे वाचून रानाबद्दल आनंद वाटला." यात कुठला नियम मोडला हे बोगुमिलना दोन दिवस नियमावली चाळूनही सापडेना. उलट त्यातलं शुद्धलेखन पाहून त्यांना बरंच वाटलं.

त्यांनी नवा नियम केला. जागा सांगायची तर पुरावा म्हणून चित्र जोडायचं. चित्रं आली. एकानं खऱ्या रानाचं पाठवलं, त्यात त्याच्या गाडीचं चाक आणि स्वतःचा अंगठा होता. दुसऱ्यानं पाठवलेल्या चित्रात बोगुमिलच्या जुन्या शाळेचं अंगण होतं. ते मात्र त्यांनी बराच वेळ पाहिलं.

खालच्या मजल्यावर दुदेक राहत. चाळीस वर्षं वनरक्षक होते, आता निवृत्त. हे गृहस्थ सल्ला द्यायला जिन्यातच उभे असत. दारात उभं राहिलं तर पाहुण्याला आत बोलवावं लागतं.

"मास्तर," ते म्हणाले, "कळप कुणामागे जातो? पुढच्या मेंढीमागे. तुम्ही अधिकारी. तुम्ही स्वतः एक खरी जागा सांगा. मग बघा, लाजेनं सगळे सांगतील."

"तुम्ही चाळीस वर्षं रानात होतात, दुदेकसाहेब. तुम्ही कुणाला सांगितलीत?"

"मी सरकारी माणूस. मला मनाई होती."

"सरकारची?"

"बायकोची," दुदेक म्हणाले.

पण सल्ला बोगुमिलना पटला. त्यांनी कोर्नेलकडून एक खात्रीची जागा मागून घेतली. हद्दीच्या मोडक्या दगडामागे बर्चची तीन झाडं आहेत, त्यांच्या पुढची खळगी. ठळक अक्षरांत 'अधिकृत' असा मथळा देऊन त्यांनी ती मंचावर टाकली आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.

मंचावर 'डावा_गुडघा' नावाची एक मोठी असामी होती. तिनं दोन आठवड्यांत चार हजार टिपणं लिहिली होती, आणि तिचा शब्द खाली पडत नसे. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं: "अधिकाऱ्यानं दाखवलेल्या वाटेनं अधिकाऱ्यानंच जावं." या देशानं अधिकाऱ्यांनी दाखवलेल्या वाटा पुष्कळ पाहिलेल्या आहेत. त्यामुळे एवढं एक वाक्य पुरलं. खळगीकडे कुणी फिरकल्याचं दिसलं नाही.

ऐकणाऱ्यानं इथे जरा सावरून बसावं, कारण खरं बोलल्याचं फळ पुढे येतं आहे. न खुडलेलं अळंबं खेळात रोज दुप्पट होई. खऱ्या रानाचा हा नियम नव्हे, पण कोर्नेलनं विज्ञानही भूगोलाइतकंच शिकून घेतलं होतं. दहाव्या दिवशी त्या एका खळगीत अकराशे रिड्झ दाटले, कंपनीचं यंत्र कण्हायला लागलं, आणि सगळ्या खेळाडूंचं रान मुंगीच्या पावलांनी चालू लागलं. कचेरीतल्या एका हुशार मुलीला वाटलं, हा बिघाड आहे. तिनं खळगी पुसून टाकली. नेमका त्याच दुपारी जगातला एकमेव श्रद्धाळू माणूस, तोच 'नवखा_७', अधिकृत मथळ्यावर विसंबून तिथे पोचला. त्याला तीन बर्च दिसले आणि पुढे सपाट, कोरी जमीन दिसली. त्यानं चित्र काढून मंचावर टाकलं. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंचावर बोगुमिल यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. बाजूनं अठराशे सेहेचाळीस, विरोधात दोन. त्यांतलं एक मत कोर्नेलचं, आणि तेही त्यानं उभ्यानंच दिलं. त्या दिवसापासून मंचावर त्यांना 'दलदलमास्तर' म्हणू लागले. ऑक्टोबर उजाडला तेव्हा 'उपयोग झाला'चा आकडा एकोणीसवर होता.

रविवारी घरी राय नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं सूप होतं, अंडं आणि सॉसेज घातलेलं. टेबलाशी लुद्विकाची आई पेलागिया बसली होती. ती तीन वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होती. तिचे गुडघे गेले होते. ज्या बाईनं साठ शरद ऋतू रानात काढले ती आता खिडकीशी बसून पावसाकडे बघे आणि म्हणे, "आज निघाली असतील." तेव्हा लुद्विकानं तिला पाटीएवढा एक संगणक आणून दिला होता. त्यावर ती दिवसभर काहीतरी करी. घरचे समजत, जपमाळ ऐकते.

"आई, डॉक्टर म्हणाले, बागेतल्या वाटेनं रोज थोडं चालायचं," लुद्विका म्हणाली.

"डॉक्टरनं दाखवलेल्या वाटेनं डॉक्टरनंच जावं," पेलागिया म्हणाली आणि पाव मोडला.

बोगुमिलचा चमचा वाटेतच थांबला. त्यांनी हातरुमाल पाडला, तो उचलायला वाकले आणि टेबलाखाली पाहिलं. सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याला पट्टी होती.

"काय शोधतोस, बोगुमिल?"

"काही नाही, आई. रुमाल."

"सापडला?"

"सापडला."

ज्या बाईच्या एका वाक्यानं आपल्याला अठराशे सेहेचाळीस मतांनी पाडलं तिच्याच हातचं सूप आपण चोवीस वर्षं पीत आलो, हे गिळायला बोगुमिलना वेळ लागला. सूप मात्र त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कारण त्यात त्या सुपाचा काही दोष नव्हता. सोमवारी त्यांनी कर्तव्य म्हणून 'डावा_गुडघा' यांना ताकीद पाठवली: "आदरणीय सदस्य, व्यवस्थापनाचा अवमान टाळावा." त्या दिवशी ते घरूनच काम करत होते. भिंतीपलीकडे टिंग असा आवाज झाला, आणि मग एक म्हातारं हसू ऐकू आलं. गेल्या तीन वर्षांत त्यांनी ते ऐकलं नव्हतं. मंच बंद पडला तर काय काय बंद पडेल, याचा हिशेब त्यांच्या मनात तेव्हा बदलला. पण ताकीद त्यांनी मागे घेतली नाही. तत्त्व ते तत्त्व.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याचं पत्र आलं. कुणी एक गृहस्थ मंचावरची खूण वाचून खेळातल्या नव्हे, खऱ्या रानात गेले होते, आणि खऱ्या दलदलीत त्यांचा खरा बूट राहिला होता. पत्रात म्हटलं होतं की आपण अळंबीविषयी सल्ला देत असल्याचं दिसतं, तरी परवानाधारक पारख्याचा दाखला घ्यावा आणि अळंबी तपासणीसाठी समक्ष आणावी.

बोगुमिल संगणक बगलेत मारून आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. हंगाम होता. रांगेत सगळ्यांच्या हातात टोपल्या होत्या आणि टोपल्यांवर फडकी होती, कारण काय सापडलं यावरून कुठे सापडलं ते ओळखणारी माणसं असतात. खिडकीपलीकडे पारखी बाई होत्या, श्रीमती ग्रोहोव्स्का. सोळा वर्षं त्या लोकांच्या टोपल्या तपासून, विषारी अळंबी बाजूला काढून, त्यांचे जीव वाचवत होत्या.

"टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या.

बोगुमिलनी संगणक उघडून ठेवला. श्रीमती ग्रोहोव्स्कांनी चष्मा लावला, पडद्यावरच्या रिड्झकडे पाहिलं, आणि वाकून हुंगलं.

"वास येत नाही."

"खेळातलं आहे, मॅडम."

"वासाशिवाय मी शिक्का मारत नाही. शिक्का न मारल्याचा दाखला हवा असेल तर वेगळा अर्ज आहे, गुलाबी." अर्ज शोधता शोधता त्यांनी विचारलं, "कुठे सापडलं?"

"रानात," बोगुमिल सवयीनं म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

श्रीमती ग्रोहोव्स्का पहिल्यांदाच हसल्या. "विष सापडलं तर जागा लिहून घ्यायचा नियम आहे. सोळा वर्षं विचारते. सगळे हेच सांगतात, रानात. ज्याला रुग्णवाहिकेतून नेत होते तोही म्हणाला, रानात."

बोगुमिलचा बांध फुटला. त्यांनी दलदलीपासून कॉफीच्या यंत्रापर्यंत सगळं सांगितलं. मागची रांग कुरकुरली, पण आख्यान रंगल्यावर तीही ऐकू लागली.

बाईंनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर लाल टाचण्या होत्या. "जागा कुणी सांगत नाही. पण दारात पोचल्यावर प्रत्येक जण मागे वळतो आणि म्हणतो, 'आणि हो, मॅडम, त्या अमक्या टेकडीमागे उगाच जाऊ नका, तिकडे काही नाही.' मी विचारलेलं नसतं. या टाचण्या सगळ्या त्याच."

"आणि तिकडे काय असतं?"

श्रीमती ग्रोहोव्स्कांनी खण उघडला. आत व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या रिड्झची एक बरणी होती. त्यांनी ती दाखवली आणि खण लावून घेतला. "गुलाबी अर्ज," त्या म्हणाल्या. "पुढचा."

परत येऊन बोगुमिलनी कोटसुद्धा काढला नाही. त्यांनी मंचावरचा 'मदत' हा विभाग बंद केला आणि त्या जागी नवा उघडला: 'इथे काहीच नाही. सदस्यांनी आपला वेळ वाचवावा.'

"सर, पण मदत कुठे गेली?" कोर्नेलनं विचारलं.

"बस, कोर्नेल," बोगुमिल म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो बसला.

एका दिवसात सहाशे टिपणं आली. "कोसळलेल्या ओकमागे, ओढ्याच्या वळणावर, काही नाही. मी स्वतः रोज बघतो." "गिरणीच्या छपराखाली चुकूनही जाऊ नये. परवाही काही नव्हतं, कालही काही नव्हतं, टोपली भरून काही नव्हतं." जो तो आपापल्या जागेवर पहारा ठेवायला धावत होता आणि धावता धावता तिच्यावर झेंडा रोवत होता. वाचणारे तिथे जात, टोपल्या भरत, आणि मग आणखी कुणी येऊ नये म्हणून त्या टिपणाखाली घाईनं दाबत: 'उपयोग झाला. खरंच काही नव्हतं. आभारी आहे.' पहिल्या दिवशी आकडा गेला एकशे ऐंशीवर. दुसऱ्या दिवशी तीनशे बारा. तिसऱ्या दिवशी दुपारी चारशे नव्व्याण्णव.

आणि तिथे आकडा थांबला. लोकांच्या ध्यानात आलं होतं. आता ते जिथे काही नव्हतं तिथेच काही नाही असं लिहू लागले. म्हणजे अखेर खरं बोलू लागले, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. खोट्या नकारातलं सत्य मंचावर तीन दिवस टिकलं. तसं हे फार झालं; कीर्तन ऐकून मंडपाबाहेर आलेल्या माणसात ते चपला सापडेपर्यंतही टिकत नाही.

ऑक्टोबरची एकतीस तारीख आली. 'डावा_गुडघा' यांनी नव्या विभागात एक अक्षर लिहिलं नव्हतं. बोगुमिल घरी टेबलाशी चारशे नव्व्याण्णवकडे बघत बसले होते. स्वतः दाबायचा मोह त्यांना झाला, पण एकदा गहिवरून दाबलं होतं ते वेगळं, आणि हे वेगळं. दुपारी चारला आकडा पाचशे झाला.

त्यांनी कुठल्या टिपणाखाली तो वाढला ते शोधलं. ते टिपण त्यांचंच होतं. तीन बर्चपुढची खळगी, ठळक मथळा, खाली पूर्ण नाव. 'डावा_गुडघा' यांनी लिहिलं होतं: "दहा दिवस रोज एक टोपली. त्याहून जास्त एकटीच्यानं उचलवेना. उपयोग झाला."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बोगुमिल उठले नाहीत. आधी त्यांना राग आला, मग हसू, आणि मग आपलं एक अधिकृत वाक्य निदान एका माणसानं मानलं होतं याचं इतकं बरं वाटलं की त्यांनी ताकीद मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा दिवस. सगळं शहर शेवंतीची फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातं, तसे हेही गेले. लुद्विका पाणी आणायला नळाकडे गेली. पेलागिया बोगुमिलच्या दंडाला धरून नवऱ्याच्या थडग्यापाशी उभी होती. तिनं प्रार्थना म्हटली, क्रूसाची खूण केली, आणि थडग्याकडेच बघत बोलली.

"सुप्राश्लच्या रस्त्यानं गेलं की निळा क्रूस लागतो. त्याच्या मागे, फरच्या कोवळ्या झाडांत, पहिल्या उताराला."

बोगुमिलनी हातातली मेणबत्ती थडग्यावर ठेवली.

"तिकडे काही नाही," पेलागिया म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांना तीस वर्षं काही मिळालं नाही. मला त्यांच्या मागं दहा. गुडघे होते तोवर दर वर्षी बघून यायचे. तू उगाच जाऊ नकोस. गेलास तर सकाळी लवकर, आणि चाकू धारेचा घे."

बोगुमिलनी टोपी काढली. चोवीस वर्षं ते जावई होते, पण त्या घरचे आत्ता झाले.

लुद्विका पाण्याचा डबा घेऊन येताना दिसली. "काय बोलताय दोघं?"

"काही नाही," बोगुमिल म्हणाले, आणि सासूबाईंचा हात घट्ट धरला. "खरंच काही नाही."